शहर भरलंय म्हणून गप्प बसू नका: परवडणारी घरं वाढवायची कशी आणि कुठल्या क्रमाने

"आता शहरात जागाच उरली नाही." घरांचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. पण नकाशा उघडून बसलं की दिसतं काय, तर स्टेशनपासून दहा मिनिटांवर एकमजली गोदामं, बसचे डेपो, रात्रभर रिकामे पडणारे पार्किंगचे प्लॉट, वरचे चार मजले बंद असलेली ऑफिसं आणि दोन मजल्यांच्या वर बांधायला बंदी असलेले अख्खेच्या अख्खे वॉर्ड. म्हणजे रिकामी जमीन नसते हे खरं, पण घर बांधायला रिकामीच जमीन लागते असं कुणी सांगितलं? भरलेल्या शहरात घरं वाढतात ती वर, मध्ये, मागे आणि दुसऱ्या कशाच्या तरी जागी.

तर हा लेख कुणासाठी? वॉर्डातल्या नागरिक गटात काम करणाऱ्यांसाठी, नगरसेवकाला निवेदन देणाऱ्यांसाठी, प्लॅनिंग शिकणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना वाटतं की फक्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या आकाराच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, वाढवला की झालं त्यांच्यासाठी तर नक्कीच. माझं म्हणणं थोडक्यात असं की उपाय बहुतेकांना माहीत असतात, चुकतो तो क्रम. आधी जास्त मजले देऊन टाकायचे आणि मग बिल्डरकडे स्वस्त घरं मागायची, असं केलं की हातात काही उरत नाही, कारण ज्या दिवशी परवानगी वाढते त्याच दिवशी जमिनीचा भाव वाढतो आणि ती वाढ जमीनमालकाच्या खिशात गेलेली असते. अट घालायची ती परवानगीच्या बरोबर, नंतर नाही.

आधी ठरवा, परवडणारं म्हणजे कुणाला

हे कंटाळवाणं वाटतं पण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. जगभर सर्रास वापरला जाणारा ठोकताळा म्हणजे घरावरचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हवा. पण कुणाच्या उत्पन्नाच्या? शहराचं सरासरी उत्पन्न धरलं तर मोठे पगारवाले ती सरासरी वर ओढतात आणि "परवडणारं" घर सफाई कामगार किंवा नर्सच्या आवाक्याबाहेरच राहतं. म्हणून कागदावर लिहूनच घ्या, की इतकी घरं सगळ्यात खालच्या उत्पन्न गटासाठी, इतकी त्याच्या वरच्या गटासाठी, भाड्याची किती, मालकीची किती. कारण या गटांचे उपाय वेगळे आहेत. मधल्या गटासाठी नियम सैल केले तरी बरंच काम होतं, सगळ्यात खालच्या गटासाठी मात्र कुणीतरी पैसे घातल्याशिवाय घर उभं राहत नाही, त्याला शॉर्टकट नाहीये. जो कोणी म्हणेल की एक पैसा न घालता सगळ्यांना घरं देतो, त्याला हिशोबाचा कागद मागा.

मग याद्या करा, दोन

पहिली यादी सरकारी आणि निमसरकारी जमिनींची. महापालिका, राज्य, रेल्वे, पोस्ट, वीज, पाणी, पोलीस, बंदर, लष्कर, बंद पडलेल्या शाळा, एकमजली मंडया, अग्निशमन केंद्रं, डेपो, सगळं. प्रत्येक खात्याला आपली जागा "भविष्यातल्या गरजेसाठी" हवी असते आणि ते भविष्य तीस तीस वर्षं येत नाही. त्यामुळे यादीत फक्त मालकी लिहू नका, आज तिथे काय आहे, किती मजले आहेत, किती बांधता येतील आणि तिथून स्टेशन किंवा बसस्टॉप किती लांब आहे तेही लिहा.

दुसरी यादी जास्त महत्त्वाची आणि ती कुणीच करत नाही. आत्ता शहरात जी स्वस्त घरं आहेत त्यांची यादी. जुन्या इमारती, भाड्याच्या खोल्या, कामगारांची वसतिगृहं, सवलतीत बांधलेली घरं, आणि त्यातल्या प्रत्येकावरचं संरक्षण कधी संपतंय त्याची तारीख. हो, तारीख. न्यूयॉर्क राज्यात १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याखाली मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी भरपूर घरं बांधली गेली, पण मालकाला साधारण वीस वर्षांनी कर्ज फेडून योजनेतून बाहेर पडायची मुभा होती, आणि भाव वाढल्यावर बरेच मालक बाहेर पडलेच. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने १९७४ पासून नवीन गृहप्रकल्पात काही घरं स्वस्त ठेवायची सक्ती केली, हा कायदा आजही जगभर उदाहरण म्हणून सांगतात, पण सुरुवातीला किमतीवरचं बंधन फक्त पाच वर्षांचं होतं, नंतर दहा. म्हणजे एका बाजूने घरं तयार होत होती आणि दुसऱ्या बाजूने मुदत संपून बाजारात जात होती. २००५ मध्ये त्यांनी विक्रीच्या घरांसाठी ३० वर्षं आणि भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षं केली, तोवर हजारो घरं हातातून गेली होती.

गळती थांबवा, मग नळ सोडा

नवीन घर बांधायला पाच-सात वर्षं जातात, जुनं स्वस्त घर मात्र एका विक्रीत जातं. म्हणून पहिल्या वर्षी सगळा जोर इथे लावायला हवा असं मला वाटतं, जरी यात फीत कापायचा कार्यक्रम नसल्यामुळे कुठल्याच पुढाऱ्याला त्यात रस नसतो.

इथे कामाला येणारी हत्यारं साधी आहेत. वॉशिंग्टन डीसीमध्ये १९८० पासून कायदा आहे की इमारत विकायची झाली तर आधी तिथल्या भाडेकरूंना ती विकत घ्यायची संधी द्यायची. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये तसाच पहिला हक्क ना-नफा गृहसंस्थांना दिला. पॅरिसची महापालिका स्वतःच मध्ये पडते, विकायला निघालेली इमारत अग्रहक्काने घेऊन तिचं सामाजिक घरांत, म्हणजे सरकारी मदतीने कमी भाड्यात दिल्या जाणाऱ्या घरांत, रूपांतर करते, आणि पॅरिस म्हणजे दाट, भरलेलं, जुन्या इमारतींना हात लावणं अवघड असं शहर, तरीसुद्धा २००१ च्या सुमारास १३ टक्क्यांच्या आसपास असलेली सामाजिक घरं आता साधारण पाव हिश्श्यापर्यंत आलीत. यामागे फ्रान्सचा २००० सालचा कायदा पण आहे, ज्यात आधी २० आणि नंतर २५ टक्के सामाजिक घरांचं लक्ष्य दिलं आणि ते न गाठणाऱ्या गावांना दंड लावला. हा हक्क नुसता कायद्यात लिहून उपयोग नाही बरं का, भाडेकरूंना साठ-नव्वद दिवसांत पैसे उभे करून देणारा फंड तयार नसेल तर तो हक्क शोभेचा.

त्याच्या जोडीला, पाडलेल्या प्रत्येक स्वस्त घरामागे तेवढंच एक परत त्याच भागात, हा नियम करून घ्या. टुरिस्टांना रोजाने दिली जाणारी घरं मोजा, बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ च्या शेवटापर्यंत सुमारे १०,००० टुरिस्ट फ्लॅटची लायसन्स पुढे चालू ठेवणार नाही. रिकाम्या घरांवर कर लावा, व्हँकुव्हरने २०१७ ला १ टक्क्याने सुरुवात केली आणि २०२१ ला तो ३ टक्के केला, आणि रिकामी म्हणून नोंदलेली घरं कमी झाली. पण या दोन उपायांनी शहराचा प्रश्न सुटेल अशी आशा ठेवू नका, हे एकदाच मिळणारे फायदे आहेत, रिकामी घरं एकदा भरली की संपलं.

भाडं गोठवायचं का हा प्रश्न येणारच, तर त्यावर माझं मत. भाडेकरूला घरात टिकवायला भाडेनियंत्रण चालतं, नवीन घर तयार करायला नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ मध्ये १९८० च्या आधीच्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लावलं, त्याचा नंतर बारकाईने अभ्यास झाला, भाडेकरू आपापल्या घरात जास्त काळ टिकले हे खरं, पण नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी विक्री आणि पुनर्बांधणी करून भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटवला हेही खरं. बर्लिनने २०२० मध्ये भाडी थेट गोठवली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. म्हणजे करायचं तर वर्षाला ठराविक टक्के वाढ, विनाकारण घर खाली करवून घ्यायला बंदी, आणि पाडून-विकून निसटायची पळवाट बंद, असं तिन्ही एकत्र.

नियम सैल करा, पण बारीक अक्षरातले

आता सगळ्यांचा आवडता विषय. झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधता येईल याचे नियम, बदललं असं जाहीर करणं सोपं, पण घर बांधलं जातं की नाही हे ठरतं ते मजल्यांच्या संख्येवर कमी आणि बारीकसारीक अटींवर जास्त. मिनियापोलिसने २०१८ मध्ये फक्त एका कुटुंबाच्या घरासाठी राखलेले भाग रद्द केले, जिथे एक घर होतं तिथे तीन चालतील असं म्हटलं, जगभर बातम्या झाल्या. प्रत्यक्षात तीन-घरांच्या इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या, कारण उंची आणि एकूण बांधकामाची मर्यादा फारशी वाढली नव्हती, आहे त्याच डब्यात तीन घरं कोंबायची तर परवडत नाही. शहरात घरं वाढली ती मुख्य रस्त्यांवर मोठ्या इमारतींना परवानगी दिल्यामुळे आणि पार्किंगची सक्ती काढल्यामुळे.

पार्किंगकडे बघाच. प्रत्येक घरामागे एक गाडीची जागा सक्तीची असेल तर छोट्या प्लॉटवर तळमजला गाड्यांनाच जातो, तळघर खोदायचं म्हटलं तर खर्च भयंकर, आणि हा खर्च गाडी नसलेल्या माणसाच्या भाड्यातसुद्धा चढतो. बफेलोने २०१७ मध्ये पार्किंगची सक्ती शहरभर उठवली, कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने रेल्वे-बसच्या मोठ्या थांब्यापासून अर्ध्या मैलात. पार्किंग बांधायला बंदी नाहीये, सक्ती नाहीये एवढंच, हा फरक शेजाऱ्यांना समजावून सांगायला लागतो आणि दर मीटिंगमध्ये परत सांगायला लागतो.

प्लॉटचा किमान आकार ही दुसरी लपलेली अट. ह्यूस्टनने १९९८ मध्ये आतल्या रिंगरोडच्या आत किमान प्लॉट ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणला आणि जुन्या एका घराच्या जागी तीन-चार टाउनहाउस, म्हणजे एकमेकांना खेटून असलेली अरुंद घरं, उभी राहायला लागली, हजारोंनी. २०१३ मध्ये तोच नियम जवळपास शहरभर नेला. यातली खरी युक्ती वेगळीच होती. ज्या गल्लीतल्या लोकांना हे नको असेल त्यांनी सह्या गोळा करून आपल्या गल्लीपुरतं बाहेर पडावं, अशी सोय ठेवली. सगळ्यात जोरात ओरडणारे बाहेर पडले आणि बाकी शहरात काम सुरू झालं. तत्त्वाला धरून बघितलं तर हे अन्यायाचं आहे, श्रीमंत गल्ल्या सुटतात, पण कधीकधी ९० टक्के शहर मिळत असेल तर घ्यावं.

आणि बारीक अक्षरं किती मारक असतात याचा सगळ्यात चांगला धडा म्हणजे कॅलिफोर्नियातली जोडघरं, म्हणजे घराच्या मागे किंवा गॅरेजच्या जागी बांधलेलं छोटं स्वतंत्र घर. राज्याच्या कायद्यात त्यांना १९८२ पासूनच जागा होती. पण गावोगावच्या पालिकांनी काय केलं, तर प्लॉट एवढा मोठाच हवा, वेगळं पार्किंग हवं, मालकाने तिथेच राहिलं पाहिजे, फी एवढी भरा, शेजाऱ्यांची सुनावणी घ्या, अशा अटी लावून ठेवल्या आणि परवानगी असूनही कुणी बांधेना. मग २०१६ पासून राज्याने एकेक अट कायद्यानेच मोडायला सुरुवात केली, २०१९ च्या कायद्यांनी तर अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्या, ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर नाकारता येणार नाही, बाजूला चार फूट सोडले की पुरे, ७५० च्या खालच्या घराला विकास शुल्क नाही, इथपर्यंत गेले. २०१६ ला राज्यभरात हजार-दीड हजार परवाने होते, २०२२ पर्यंत वर्षाला वीस हजारांच्या वर गेले. जमीन तीच, शहरं तीच. म्हणून आपल्या शहरात एखादी योजना "लोकांचा प्रतिसाद नाही" म्हणून मेली असं कुणी सांगितलं, तर अर्जाचा फॉर्म आणि अटींची यादी मागवून घ्या आणि एका खऱ्या प्लॉटवर पेन्सिलने घर बसवून बघा. बसत नसेल तर प्रतिसाद येणार कुठून.

ऑकलंडने मोठा घास घेतला. २०१६ मध्ये निवासी जमिनीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भागावर जास्त दाटीला एकाच वेळी परवानगी दिली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत घरांचे वार्षिक परवाने साधारण दहा हजारांवरून वीस हजारांच्या वर गेले. यातलं "एकाच वेळी" हे महत्त्वाचं आहे. दोन-चार चौकांतच परवानगी दिली तर त्या चौकातल्या मालकांना माहीत असतं की बिल्डरला दुसरीकडे जाताच येत नाही, ते भाव चढवून बसतात. सगळीकडे दिली की बिल्डरला निवड मिळते आणि जमिनीचा भाव तेवढा उसळत नाही.

नवीन महागड्या घरांनी गरिबाला काय मिळतं, हा प्रश्न अगदी रास्त. मिळतं थोडं, आडमार्गाने. नव्या इमारतीत जाणारा आपलं जुनं घर सोडतो, त्यात दुसरा येतो, तो आपलं सोडतो, अशी साखळी खाली उतरत जाते, हेलसिंकीत या साखळ्यांचा माग काढला तेव्हा त्या खरोखर कमी उत्पन्नाच्या वस्त्यांपर्यंत पोचताना दिसल्या. पण साखळी पोचायला वेळ लागतो आणि आज बेघर होणाऱ्याला तो वेळ नसतो.

अट किती कडक? गणित करा, भाषण नको

नवीन प्रकल्पात अमुक टक्के घरं स्वस्त द्यायची, ही सक्ती सगळ्यांना आवडते कारण ती फुकट वाटते. ती फुकट नसते. जमिनीचा भाव, बांधकाम, व्याज, फी, विक्री, हे पाच आकडे मांडा, स्वस्त घरांचा टक्का वाढवत न्या आणि प्रकल्प कुठे तोट्यात जातो ते बघा. त्या रेषेच्या थोडं अलीकडे थांबायचं. बार्सिलोनाने २०१८ मध्ये ६०० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामात ३० टक्के घरं परवडणारी ठेवायची अट घातली, मोठमोठ्या दुरुस्त्यांनाही, आणि हाती फार थोडी घरं आली, कारण बऱ्याच जणांनी बांधायचंच टाळलं. उलट व्हिएन्नाने २०१८-१९ च्या सुमारास नवीन निवासी झोनिंग देताना मोठ्या जागांवर दोन तृतीयांश अनुदानित घरं असा नियम आणला आणि तो उभा राहू शकतो, कारण ती अट जमिनीचा वापर बदलून मिळतानाच लागते, अनुदानित घरासाठी जमिनीचा भाव मर्यादित आहे आणि मागे शंभर वर्षांची गृहसंस्थांची व्यवस्था आहे. टक्केवारीची नक्कल करायची आणि यंत्रणा विसरायची, असं होऊ देऊ नका.

मला सगळ्यात पटलेली रचना म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराची. २०२० मध्ये त्यांनी शहरभर एक वेगळा थर टाकला. प्रकल्पातली सगळीच्या सगळी घरं कायमची परवडणारी असतील तर नेहमीपेक्षा जास्त उंची, जास्त दाटी आणि वेगळी सुनावणी नाही. यामुळे ना-नफा संस्थेला जमिनीच्या बोलीत खाजगी बिल्डरपुढे टिकता येतं, कारण त्याच प्लॉटवर ती जास्त घरं बांधू शकते. म्हणजे शहराने पैसे न देता फायदा दिला आणि तो फायदा बरोबर माणसाच्या हातात पडला.

सरकारी जमीन विकू नका, म्हणजे नकाच

इथे मी थोडा हट्टी आहे. भरलेल्या शहरात सरकारी जमीन परत मिळत नाही. तूट भरायला आज विकली की उद्या तीच जमीन चौपट भावात घ्यायला निघाल. लीजवर द्या, ६०-९९ वर्षं, अटी लीजमध्ये लिहा, जमीन शहराची राहू द्या.

आणि जमीन "वापरात आहे" म्हणून सोडू नका, वर बांधा. झुरिकमध्ये काल्कब्राइटे नावाची सहकारी वसाहत २०१४ मध्ये पूर्ण झाली, ट्रामच्या डेपोवर. खाली ट्राम उभ्या राहतात, वर माणसं राहतात, जमीन शहराची आणि लीज सहकारी संस्थेकडे. त्याच शहराने २०११ च्या सार्वमतात ठरवलं की २०५० पर्यंत भाड्याच्या घरांपैकी एक तृतीयांश ना-नफा असली पाहिजेत. हाँगकाँगमध्ये काउलून बे च्या मेट्रो डेपोच्या वर १९८० च्या दशकापासून हजारो फ्लॅटची वसाहत आहे, ती बाजारभावाची आहे म्हणा, पण तंत्र जमतं हे तर सिद्ध झालं. व्हिएन्नात जुन्या मालधक्क्यांच्या आणि रेल्वे यार्डांच्या जागी अख्ख्या वस्त्या वसवल्यात, आणि तिथे जमीन वेळेआधी घेऊन ठेवायला १९८४ पासून स्वतंत्र निधी काम करतो. पॅरिसमध्ये ला सामारितेन हे ऐतिहासिक डिपार्टमेंट स्टोअर नव्याने उभारताना महागड्या हॉटेलच्या शेजारी त्याच प्रकल्पात ९६ सामाजिक घरं बसवली, नदीकाठी, शहराच्या पार मध्यावर.

जिथे सरकारकडे जमीन नाही तिथे कम्युनिटी लँड ट्रस्ट बघा. जमीन ट्रस्टची, वरचं घर कुटुंबाचं, घर विकताना भाव ठरलेल्या सूत्राने, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनमध्ये १९८४ मध्ये महापौर बर्नी सँडर्स असताना पालिकेच्या पैशाने असा ट्रस्ट सुरू झाला आणि तो आज त्या भागातला मोठा घरमालक आहे. हळू वाढणारी गोष्ट आहे, पण एकदा अनुदान टाकलं की ते घरातच राहतं, पहिल्या विक्रीत उडून जात नाही.

ऑफिसांची घरं

हे ऐकायला जेवढं सोपं तेवढं नाही. ऑफिसचा मजला खोल असतो, खिडकीपासून सात-आठ मीटरच्या पलीकडे उजेड पोचत नाही, संडास-बाथरूमच्या पाइपलाइन एकाच कोपऱ्यात असतात. जुन्या, अरुंद इमारती चांगल्या जमतात, काचेचे रुंद टॉवर नाही. पैसेही घालावे लागतात, कॅल्गरीने २०२१ पासून अशा बदलासाठी चौरस फुटामागे ७५ कॅनेडियन डॉलर दिले तेव्हा कुठे मालक पुढे आले. आणि घाई केली तर काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसलं, २०१३ मध्ये नियोजन परवानगीशिवाय ऑफिसचं घर करायला मोकळीक दिली आणि खुराड्याएवढे, काही तर खिडकीच नसलेले फ्लॅट तयार झाले, शेवटी २०२० मध्ये उजेडाची आणि २०२१ मध्ये किमान आकाराची अट घालावी लागली. उजेड, आकार, हवा, या तीन अटी पहिल्याच दिवशी लिहा, बाकी सगळं सैल सोडा.

माणसं आत असताना पुनर्विकास

भरलेल्या शहरातला सगळ्यात नाजूक भाग हाच. जास्त मजले द्यायचे, वरची घरं विकून खालच्यांची फुकट बांधायची, हे गणित बऱ्याच ठिकाणी लावलंय. इस्रायलने २००५ मध्ये तामा ३८ ही योजना आणली, भूकंपापासून इमारत मजबूत करा आणि बदल्यात जादा मजले घ्या. तेल अवीवसारख्या महाग भागात ती जोरात चालली, आणि भूकंपाचा धोका जिथे खरोखर जास्त होता अशा दूरच्या स्वस्त गावांत जवळजवळ ठप्प, कारण तिथे जादा मजले विकून खर्च निघत नव्हता. मुंबईत १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसनाचंही गणित याच जातीचं आहे. विक्रीच्या भावावर उभी असलेली योजना जिथे भाव आहे तिथेच जाते आणि मंदी आली की अर्ध्यात थांबते, मग लोक वर्षानुवर्षं तात्पुरत्या घरात. म्हणून जिथे भाव नाही तिथे सरळ सरकारी पैसा ठेवा, मजल्यांची लाच चालणार नाही.

क्रमाचं सगळ्यात चांगलं उदाहरण सिंगापूर. १९९५ पासूनच्या त्यांच्या योजनेत जुन्या सरकारी इमारती निवडायच्या, जवळच नवीन फ्लॅट आधी बांधायचे, नवीन ९९ वर्षांच्या लीजसह, मग लोकांना हलवायचं आणि त्यानंतर जुनं पाडायचं. शेजारी-शेजारी एकत्र राहतात आणि मधल्या काळात तात्पुरत्या घरात राहायची भानगडच नाही. त्यासाठी पहिला मोकळा प्लॉट लागतो, आणि म्हणूनच वरच्या पहिल्या यादीतला एक तरी प्लॉट कुणालाही न देता या फिरवाफिरवीसाठी राखून ठेवा. थायलंडने २००३ मध्ये सुरू केलेली बान मनकोंग योजना दुसऱ्या टोकाची, वस्तीनेच सहकारी संस्था करायची, सरकारी संस्थेकडून स्वस्त कर्ज घ्यायचं, जमीनमालकाशी स्वतः बोलायचं आणि शक्य तिथे आहे त्याच जागी घरं सुधारायची. दिसायला देखणं नसतं, पण लोक जागच्या जागी राहतात आणि रोजगार तुटत नाही.

पैसा कुठून

थोडक्यात सांगतो. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर लावला, आलिशान घरांवर जबरदस्त आणि साध्या घरांवर नाममात्र, आणि १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं बांधली. आजकालचं आटोपशीर मॉडेल म्हणजे फिरता निधी. माँटगोमेरी काउंटीने २०२१ पासून १० कोटी डॉलरपर्यंतचा निधी केला, बांधकामाच्या काळात खाजगी गुंतवणूकदार जो महागडा पैसा घालतो त्याच्या जागी हा स्वस्त पैसा घालायचा, इमारत भरली की लांब मुदतीचं कर्ज घेऊन निधी परत, मग पुढची इमारत. २६८ घरांची पहिली इमारत २०२३ मध्ये उघडली, मेट्रो स्टेशनजवळ, बहुतांश मालकी सार्वजनिक आणि त्यातली ३० टक्के घरं परवडणारी. पैसा संपत नाही, फिरतो. मात्र सगळ्यात खालच्या गटाचं भाडं यातून निघत नाही, त्याला वेगळं अनुदान लागतंच.

शेजारी विरोध करणारच

सुनावणीला कोण येतं बघा. ज्यांचं घर आहे ते, दुपारी वेळ आहे ते. ज्यांना त्या नव्या इमारतीत राहायला यायचंय ते येऊच शकत नाहीत, कारण ते अजून तिथे राहतच नाहीत. म्हणून लोकांचं म्हणणं नियम बनवताना घ्या, जोरात, सगळीकडून, संध्याकाळच्या वेळेला आणि भाडेकरूंच्या वस्त्यांमध्ये जाऊन. एकदा नियम झाला की त्यात बसणाऱ्या प्रत्येक इमारतीची वेगळी सुनावणी नको, अर्ज, तपासणी, ठरलेल्या दिवसांत होकार. पाणी, ड्रेनेज, शाळा यांच्याबद्दलचे आक्षेप मात्र झटकू नका, बऱ्याचदा ते खरे असतात, आणि पाइपलाइन वाढवायचं वेळापत्रक नियमासोबतच जाहीर केलं की अर्धी हवा निघून जाते.

शेवटचं काम सुरुवातीलाच नेमून द्या. स्वस्त म्हणून दिलेल्या प्रत्येक घराची एक नोंदवही, त्यात घर कुठे, बंधन कधीपर्यंत, आत्ता कोण राहतं, भाडं किती, आणि दरवर्षी जाऊन बघणारा पगारी माणूस. लिफ्ट बंद पडली तर पैसे कोण देणार तेही त्याच वहीत, कारण वरच्या मजल्यांवर बसवलेल्या कुटुंबाला मेंटेनन्स झेपला नाही की ते गुपचूप घर भाड्याने देऊन परत लांब राहायला जातं आणि कागदावर मात्र सगळं ठीक दिसतं. मेंटेनन्ससाठी घर देतानाच रक्कम बाजूला टाका किंवा तळमजल्यावरच्या दुकानांचं भाडं त्याच्याशी बांधून ठेवा, आणि ती वही लोकांना ऑनलाइन बघता येईल अशी ठेवा.